आमवाताचा फ्लेअर अंगावर काढून नोकरी टिकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या, ठाण्यात वर्तकनगरला राहतात आणि ऐरोलीतल्या एका कंपनीत अकाउंट्सची टीम सांभाळतात. चार वर्षांपासून रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू आहे. तरी दर एक-दोन महिन्यांनी, बहुतेक वेळा महिनाअखेरच्या क्लोजिंगनंतर, फ्लेअर येतो, म्हणजे आजार एकदम उसळतो. दोन्ही मनगटं आणि बोटांची मुळं सुजतात, सकाळी दोन-दोन तास हात उघडत नाहीत. मग त्या डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेतात, फारच झालं तर जुन्या चिठ्ठीवर केमिस्टकडून स्टेरॉइड आणून चार-सहा दिवस घेतात आणि कामावर जातात. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाई म्हणतात आंबट बंद कर, नवरा म्हणतो नोकरी सोड. त्यांना हवंय ते एवढंच: फ्लेअर असताना हे काम निभावून कसं न्यायचं? आणि शेवटी एका ओळीत, 'नववीतल्या मुलीलाही हे होईल का?'

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, ठाण्यातच काम करते, आणि आमवाताच्या रुग्णांचे हात हे माझं रोजचं काम आहे. कमला निंबकरांनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात आमच्या शाखेचं शिक्षण सुरू केलं, तरी अजून बरेच जण 'ही फिजिओथेरपीच ना?' असं विचारत येतात. म्हणून आधी सांगते: औषध कुठलं, किती, हे तुमचे संधिवाततज्ज्ञ ठरवतील. त्या औषधाच्या जोडीला हातांनी रोजचं काम कसं करायचं, कुठे थांबायचं, कशात बदल करायचा, ते मी बघते. औषधांबद्दल खाली जे लिहिलंय ते डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं हे तुम्हाला कळावं म्हणून.

काम कसं करायचं ते सविस्तर सांगतेच, पण त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चौथ्या वर्षी दर एक-दोन महिन्यांनी फ्लेअर येत असेल, तर तुमचा आजार ताब्यात आलेला नाही. तुम्ही तो सोसण्यात कमी पडताय असं नाही. उपचार पुन्हा बघायची वेळ झाली आहे. आमवाताच्या आजच्या उपचाराला ठरलेलं लक्ष्य असतं: आजार पूर्ण शांत, नाहीतर अगदी मंद. औषध सुरू केल्यावर तीन महिन्यांत फरक दिसला नाही किंवा सहा महिन्यांत लक्ष्य गाठलं नाही, तर औषधात बदल करायचा असतो. मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवता येतो. गोळी पोटाला सोसत नसेल तर तेच इंजेक्शनने घेता येतं. जोडीला सल्फासॅलॅझिन किंवा लेफ्लुनोमाइड देता येतं. त्यापुढे टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आणि बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली इंजेक्शनं आहेत. यातली बरीच आता आपल्याकडच्या कंपन्या बनवतात; ॲडॅलिम्युमॅब या बायोलॉजिकचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जुळणारी दुसऱ्या कंपनीची आवृत्ती, २०१४ मध्ये भारतातच बाजारात आलं. त्यामुळे 'ते आपल्याला परवडायचं नाही' असं स्वतःच ठरवून विषय मिटवू नका. डॉक्टरांना खर्चासकट विचारा. ही पुढची औषधं सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते, कारण शरीरात दडून बसलेला टीबी त्यांच्यामुळे डोकं वर काढू शकतो. तपासणी सांगितली तर घाबरू नका, आणि टाळूही नका.

मग चार वर्षांत हा बदल झाला का नाही? मला वाटतं, तुमच्या डॉक्टरांनी तुमचा फ्लेअर कधी पाहिलेलाच नाही. अपॉइंटमेंट तीन महिन्यांनी. त्या दिवशी तुम्ही सुट्टी काढून, जरा विश्रांती घेऊन, बऱ्या हातांनी जाता. 'कसं आहे?' विचारलं की 'ठीक आहे, अधूनमधून दुखतं' म्हणता. सीआरपी, म्हणजे रक्तातून सूज मोजणारी तपासणी, त्या आठवड्यात बरी येते, जुनं औषध पुढे चालू राहतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहते, आणि विशेषतः बायकांच्या बाबतीत पाहते, कारण दुखणं कमी करून सांगायची आपल्याला सवयच लावलेली असते. पुढचा फ्लेअर आला की पहिल्याच सकाळी दोन्ही हातांचे फोटो काढा, एक सरळ हाताचा आणि एक मूठ वळायचा प्रयत्न केलेला. उठल्यापासून हात मोकळे व्हायला किती वेळ लागला, कोणते सांधे सुजले, कोणती गोळी किती घेतली, हे फोनवर चार ओळींत लिहा. हे फोटो आणि नोंदी डॉक्टरांसमोर ठेवल्यात की बोलणं वेगळं होईल.

फोटोत काय बघायचं तेही सांगते. मूठ वळली की बोटांच्या मुळाशी चार उंचवटे येतात आणि त्यांच्या मधे खाचा दिसतात. फ्लेअरमध्ये या खाचा भरून येतात, विशेषतः तर्जनी आणि मधल्या बोटामधली. बोटाने हलकं दाबलं तर तिथे हाड लागत नाही, मऊ, फुगल्यासारखं लागतं. ती सांध्याच्या अस्तराची सूज. हे सुजलेलं अस्तर शेजारची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, आणि हाड कुरतडतं, आणि कुरतडलेलं हाड मागाहून कुठल्याही औषधाने भरून येत नाही. वेदनाशामक गोळीने दुखणं खाली येतं, सूजही थोडी उतरते, पण हे कुरतडणं ती थांबवत नाही. दुखणं दाबून तुम्ही दहा तास की-बोर्डवर बसता तेव्हा आतला आजार आपलं काम करतच असतो. म्हणून मी रुग्णांना अंगावर काढू देत नाही.

दुखणं फ्लेअरचं आहे की जास्त कामाचं, हेही ओळखता आलं पाहिजे. कामाने दुखलेला हात बहुधा एकच असतो, रात्रीच्या विश्रांतीने सकाळी बरा वाटतो. फ्लेअरमध्ये उलटं: सकाळच सगळ्यात वाईट, दोन्ही बाजूंचे सांधे धरलेले, तासाभराहून जास्त आखडलेपण, आणि ताप नसतानाही ताप आल्यासारखा थकवा.

आता तुमच्या गोळ्यांकडे. डायक्लोफिनॅक रिकाम्या पोटी नको, ओळीने किती दिवस चालेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर त्यांना न विचारता एकही नको. पावसाळ्यात ताप असेल तर अजिबात नको. डेंग्यू निघाला तर या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

स्टेरॉइडबद्दल जरा थांबून लिहिते, कारण तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होताना मी पाहते. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत त्या चालायला लागल्या. १९५० मध्ये त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. आमवातावर जणू उपायच सापडला असं लोकांना वाटलं. पण औषध थांबवलं की आजार परत येत होता, आणि चालू ठेवलं तर चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर आणि रक्तदाब वाढणं, जंतुसंसर्ग हे सगळं मागे लागत होतं. आजही तेच खरं आहे. फ्लेअरमध्ये डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड देतात, मूळ औषध लागू होईपर्यंत, आणि मग डोस उतरवत बंद करतात. ते योग्यच आहे. जुन्या चिठ्ठीवर स्वतः आणून घेणं मात्र बंद करा. प्रत्येक वेळी तिसऱ्या दिवशी इतकं बरं वाटतं की उपचार बदलायची गरजच वाटेनाशी होते, आणि घेतलेल्या गोळ्यांची नोंद डॉक्टरांच्या फाइलमध्ये नसतेच. वर्षभरात अशा किती खेपा झाल्या हे न लाजता त्यांना सांगा. बऱ्याच काळ घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका. उतरवत न्याव्या लागतात. नाव, घटक काहीच न लिहिलेल्या 'संधिवाताच्या' पुड्यांपासूनही लांब राहा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. दोन दिवसांत जादू झाल्यासारखा आराम पडला तर तोच संशय घ्या.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. हे तुम्हाला माहीत असणार, तरी लिहिते, कारण चुकून रोज घेतल्याने जीव गेलेले आहेत. घरातला जो कुणी गोळ्या काढून देतो त्यालाही सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी मळमळ, मरगळ वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून शनिवारची रात्र ठरवा, म्हणजे मरगळ रविवारी येईल, ऑफिसच्या दिवशी नाही. फॉलिक ॲसिड विसरू नका. क्लोजिंगच्या धांदलीत डोस चुकतो का, हे स्वतःला विचारा. महिनाअखेरच्या फ्लेअरमागे कधी कधी एवढंच कारण असतं. रक्ततपासण्या ठरलेल्या वेळी: पेशी, लिव्हर, किडनीसाठी क्रिएटिनिन. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे लघवीच्या किंवा छातीच्या इन्फेक्शनसाठी गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा. कोट्रायमोक्साझोल हे साधं, स्वस्त अँटिबायोटिक त्याच्यासोबत घेतलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. ताप, इन्फेक्शन असेल तेव्हा त्या आठवड्याचा डोस घ्यायचा की नाही, हे फोन करून विचारायचं.

हे झालं की मग काम.

तुमचा फ्लेअर क्लोजिंगनंतर येतो यात मला नवल वाटत नाही. झोप कमी, जेवणाची वेळ नाही, ताण, आणि दिवसाचे दहा-बारा तास मनगट एकाच स्थितीत. पण ज्यावर कुणी बोट ठेवत नाही तो काळ वेगळाच आहे: फ्लेअर उतरल्यानंतरचे चांगले दिवस. हात मोकळे झाले की तुंबलेलं सगळं काम तुम्ही एका दमात उपसता, ऑफिसातलं आणि घरातलंही. शनिवारी माळा आवरता, रविवारी चादरी धुता. ज्या आठवड्यात बरं वाटतं त्याच आठवड्यात पुढच्या फ्लेअरला वाट करून देता. माझ्याकडे गौरी-गणपतीनंतरच्या दिवसांत गर्दी वाढते ती यामुळेच. सणाचे दिवस निभावतात, नंतर हात बसतात. चांगल्या दिवशी शक्य आहे तेवढं सगळं करायचं नाही, हा माझ्याकडचा सगळ्यात अवघड व्यायाम आहे, आणि रुग्ण तोच टाळतात. एक मोजमाप वापरा: एखादं काम केल्यानंतर दुखणं दोन तासांहून जास्त रेंगाळलं, तर पुढच्या वेळी तेच काम कमी किंवा तुकड्यांत करायचं.

क्लोजिंगचं तसंच. महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत होऊ शकणाऱ्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, व्हेंडरची खाती शेवटच्या चार दिवसांवर ढकलू नका, आणि टीम आहे तर कामं वाटा. टीम लीडर म्हणून सगळ्यांच्या शीट्स स्वतः पुन्हा टाइप करून दुरुस्त करायची सवय असेल तर ती आधी सोडा. चूक दाखवा, दुरुस्ती ज्याची त्याला करू द्या. अर्ध्या-अर्ध्या तासाने फोनचा गजर लावून दोन मिनिटं उठा, हात खाली सोडा, बोटं हलकी उघडा-मिटा. लांब मेल बोलून टाइप करा. मनगट सरळ राहील अशी की-बोर्डची उंची ठेवा, पुढची कड मनगटाला टोचू देऊ नका, माउस मनगटाने न हलवता कोपरापासून हलवा. उभा धरायचा माउस मिळतो, तो बऱ्याच जणांना मानवतो; ऑफिसकडे मागण्याआधी कुणाचा तरी दोन दिवस वापरून बघा. आणि फोन करंगळीवर तोलून अंगठ्याने टाइप करणं थांबवा. टेबलावर स्टँड ठेवा.

स्प्लिंटबद्दल गैरसमज फार आहेत. मनगटाचा पट्टा कामाच्या तासांत मनगटाला आधार देतो. रात्रीचा स्प्लिंट वेगळा असतो, तो बोटांसकट हात विसाव्याच्या स्थितीत ठेवतो. हे दोन्ही प्रकार आपल्या हाताच्या मापाने करून घ्यायचे. दिवसभर, आठवडाभर घालून ठेवला तर सांधे आखडतात आणि स्नायू अशक्त होतात, म्हणून मधे मधे काढून हात हलवायचाच. दुकानातून आणलेला घट्ट पट्टा बोटांना मुंग्या आणत असेल तर तो तुमचा नाही. आणि मऊ चेंडू दाबत बसू नका. हा सल्ला शेजारीपाजारी सगळे देतात, पण आमवातात सुजलेल्या बोटांच्या मुळांवर जोराची मूठ म्हणजे बोटं करंगळीच्या बाजूला ढकलणारा जोर. पुढे बोटं तिरकी होतात ती याच दिशेने. फ्लेअरमध्ये व्यायाम एवढाच: प्रत्येक सांधा दिवसातून एक-दोनदा, जोर न लावता, जेवढा जातो तेवढा हलवायचा. ताकदीचे व्यायाम सूज उतरल्यावर, शिकून.

फ्लेअरची सकाळ कशी काढायची? नेहमीपेक्षा तास-दीड तास आधी उठा, काहीतरी खाऊन डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्या आणि कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून हळूहळू उघडा-मिटा. सांधा हाताला गरम लागत असेल, लालसर असेल तर शेक नको. कपड्यात गुंडाळलेला थंड पॅक दहा मिनिटं. मेणाचा शेक अशा दिवसांत बंद. दिवसातलं बारीक टायपिंगचं काम अकराच्या पुढे ठेवा, सकाळी फोन आणि मीटिंग.

प्रवासाचं एक बरं आहे, ठाणे-वाशी-पनवेलच्या गाड्या ठाण्याहूनच सुटतात. एक गाडी सोडली तर पुढच्या गाडीत बसायला मिळतं. फ्लेअरच्या दिवशी ती दहा मिनिटं जरूर द्या. परतीला ऐरोलीहून उभंच राहावं लागणार. तेव्हा वरची कडी बोटांनी आवळून धरू नका, खांबाभोवती कोपर अडकवा किंवा पार्टिशनला पाठ टेका. लॅपटॉप दोन पट्ट्यांच्या सॅकमध्ये, पाठीवर. वर्तकनगर ते स्टेशन शेअर रिक्षात कडेला बसून दांडी धरून जाणं मनगटाला झेपत नाही, मधली जागा मागा. दिव्यांगांच्या डब्यासाठी प्रमाणपत्र लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती मिळतात. आमवाताचं नुसतं निदान पुरत नाही, हातापायांची हालचाल किती गेली आहे हे सरकारी वैद्यकीय मंडळ मोजतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्ही तिथे नाही, आणि तुम्ही तिथे पोचू नये यासाठीच मी वर एवढं लिहिलं.

घरी कणीक मळणं, कपडे पिळणं, विळीवर नारळ खवणं, गच्च बसलेलं कुकरचं झाकण: ही चार कामं फ्लेअरमध्ये तुमची नाहीत. ठाण्यात पोळी-भाजी केंद्र नाही असा रस्ता सापडणार नाही. त्या आठवड्यात पोळ्या तिथून. नवऱ्याला खरंच मदत करायची असेल तर नोकरी सोडायचा सल्ला देण्याआधी त्याने कणीक आणि कपडे घ्यावेत. हे मी त्याच्या तोंडावरही सांगेन, हवं तर त्याला माझ्याकडे घेऊन या. चांगल्या दिवशीही कढई दोन कानांची, उचलताना दोन्ही तळहातांवर. बरणीचं झाकण बोटांनी न पिळता खाली रबरी तुकडा ठेवून तळहाताने दाबून, खांद्यातून फिरवा. पिशवी बोटांना लटकवू नका, कोपराच्या घडीत घ्या.

ऑफिसात सांगायचं की नाही? माझं मत, सांगायचं, पण फ्लेअरच्या दिवशी रडवेल्या आवाजात नाही. बरं असताना, मॅनेजरशी वेळ ठरवून. आजाराचा पाढा वाचायची गरज नाही. साधारण असं बोला: 'मला सांध्यांचा दीर्घ आजार आहे, उपचार चालू आहेत. बहुतेक दिवस माझ्या कामात काही फरक पडत नाही. कधी कधी दोन-चार दिवस सकाळी हात चालत नाहीत. त्या दिवसांत मला अकराला सुरुवात करता यावी आणि शक्य तेव्हा घरून काम करता यावं. क्लोजिंगचं काम वेळेत होईल, त्यासाठी मी अशी अशी वाटणी केली आहे.' मागणी नेमकी असली की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. सोबत डॉक्टरांचं पत्र असावं, आणि त्यात काय होत नाही आणि काय सोय लागेल एवढंच असलं तरी चालतं. सगळेच मॅनेजर समजूतदार नसतात, हे मला ठाऊक आहे. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचं मेल पाठवून ठेवा. न सांगितल्याचाही तोटा होतोच: कारण माहीत नसेल तर मंदावलेला हात लोकांना कामचुकारपणा वाटतो.

हे वाचणाऱ्यांत रबाळे, महापे, वागळे इस्टेटच्या कारखान्यांत काम करणारेही असतील. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असेल आणि ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, पैसे कापले जात असतील, तर उपचार तिथे मिळतात, आणि पात्रतेच्या अटी पूर्ण असतील तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. पगार बुडेल म्हणून सुजलेल्या हातांनी मशीनवर उभं राहण्याआधी हे विचारून घ्या.

नोकरी सोडण्याबद्दल. सोडायची की नाही हा तुमचा निर्णय, पण तो फ्लेअरच्या आठवड्यात घेऊ नका. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. स्वतःची नवी पॉलिसी घेतलीत तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पुढे बायोलॉजिक लागलं तर हा फरक लाखांत जातो. सोडायचीच असेल तर आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते एचआरला लेखी विचारा. आणि खरं सांगायचं तर, उपचार नीट बसल्यावर तुमच्यासारखं काम पुढेही करत राहिलेले खूप जण मी पाहते. आधी औषध बदलून बघा. सहा महिन्यांनी नोकरीचा विचार करा, तेव्हा तो शांत डोक्याने होईल.

आंबटाचं लवकर उरकते. दही, चिंच, टोमॅटो सोडल्याने आमवात जातो असा पुरावा नाही. एखादी गोष्ट खाल्ली की तुम्हाला दर वेळी त्रास होतो असं दिसलं तर ती तेवढी टाळा. सासूबाईंचं मन राखायला ताक मात्र सोडू नका, कॅल्शियम आणि प्रथिनं तुम्हाला हवी आहेत. हिमोग्लोबिन तपासा, थकव्याचं अर्धं कारण तिथेही निघू शकतं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती बाहेर काढा. धूम्रपानाने हा आजार होण्याची शक्यता वाढते, झालेला बळावतो आणि औषधं कमी लागू पडतात.

थांबायचं नाही असे प्रसंग वेगळे लक्षात ठेवा. एकच सांधा अचानक लालबुंद, गरम झाला आणि सोबत ताप, थंडी असेल तर तो फ्लेअर समजू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल. मेथोट्रेक्सेटवर असताना तोंडात फोड, ताप, नवा कोरडा खोकला आणि दम, अंगावर निळे डाग, डोळा लाल होऊन दुखणं, काळी शौच. यातलं काहीही झालं तरी क्लोजिंग बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन. पावसाळ्यात ताप येऊन सगळे सांधे धरले तर चिकुनगुन्याचाही विचार करावा लागतो, आणि लक्षणं इतकी सारखी असतात की तपासणीशिवाय सांगता येत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करायची असते. तुमची पहिली झाली नसेल तर याच महिन्यात करून घ्या.

आणि तुमची मुलगी. आईला आमवात असला की मुलीला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण आमवात असलेल्या आईबापांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. तिला काही त्रास नसताना आमवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्ततपासणी करू नका. ती पॉझिटिव्ह आली तरी आजार आहे असं ठरत नाही, निगेटिव्ह आली तरी पुढे होणार नाही असंही नाही, आणि नववीतल्या पोरीला कारण नसताना धास्ती लागेल. पुढे कधी तिच्या सांध्यांना सूज आली, सकाळी हात आखडले आणि ते महिना-दीड महिना गेलं नाही, तर घरगुती लेपात वेळ न घालवता थेट संधिवाततज्ज्ञांकडे न्या. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. चहाच्या कपाला तुमची बोटं का वळत नाहीत हे ती रोज बघतेच आहे, तर तिला या आजाराचं नाव आणि तुम्ही कोणती गोळी कोणत्या वारी घेता, हे सरळ सांगून ठेवा.